शब्दचर्चा : ‘स्थानिक पोलिसांचे सहकार्य’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

न्यू जर्सीत आमच्या मंडळातर्फे एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. मुलांकडे पाच-सहा महिने राहायला येणारे आईवडील हे मुख्य वाचक. विषय असा, की केंद्राचा इमिग्रेशन कायदा ‘आइस’ (ICE) ही केंद्राची यंत्रणा राबवते, त्यात इथल्या स्थानिक पोलिसांचा हात कुठवर असतो. मसुद्यात ‘स्थानिक पोलीस आइसला सहकार्य करतात’, ‘स्थानबद्धतेचा आदेश’, ‘अभयारण्य शहरे’ (सँक्च्युअरी सिटीज, म्हणजे आइसच्या कामाला आपले पोलीस न देणारी शहरे), ‘हद्दपारी’ असे शब्द आले आहेत. वाचायला बरे वाटतात, पण अर्थ नीट पोचतो का? आणि शेरीफला, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) पोलीसप्रमुखाला, मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

आधी ‘सहकार्य’ काढा. मराठीत सहकार्य ही चांगली गोष्ट आहे. सोसायटीच्या नोटिशीतसुद्धा ‘सहकार्य करावे ही विनंती’ असते. त्यामुळे ‘आमचे पोलीस सहकार्य करत नाहीत’ म्हटले की पोलीसच आडमुठे वाटू लागतात. शिवाय या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामे दडली आहेत. त्यांना आपल्याकडे साधी क्रियापदे आहेत: कळवणे, धरून ठेवणे, पकडणे. पत्रकात तीच वापरा.

कळवणे हे जवळपास आपोआप होते. कोणत्याही कारणाने अटक झाली की तुरुंगात बोटांचे ठसे घेतात. ते राज्यामार्फत एफबीआयकडे जातात, आणि २००८ साली सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ योजनेपासून तेच ठसे आइस ज्याच्याखाली येते त्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या नोंदींशीही ताडून पाहिले जातात. यात ठाण्यातल्या पोलिसाची इच्छा-अनिच्छा विचारात घेतली जात नाही. तेव्हा ‘आमचे शहर आइसला काहीच कळू देत नाही’ असे वाक्य पत्रकात जाऊ देऊ नका. ते खोटे आहे आणि त्यावर विसंबणाऱ्याचे नुकसान होईल.

खरा घोळ ‘धरून ठेवणे’ यात आहे. समजा, एखाद्याला विनापरवाना गाडी चालवण्यावरून काउंटीच्या तुरुंगात ठेवले आहे. जामीन झाला, घरचे बाहेर गाडीत बसून वाट बघताहेत. पण त्याच्या फायलीला आइसचा आय-२४७ए नावाचा कागद लागलेला असतो. त्यात म्हटलेले असते, की सुटकेची वेळ झाल्यावरही या माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही येऊन नेतो. तुम्ही याला ‘स्थानबद्धतेचा आदेश’ म्हटले आहे. त्यातले दोन्ही शब्द चुकतात. स्थानबद्धता म्हटले की मराठी वाचकाला आणीबाणी आणि मिसा आठवतो, म्हणजे गुन्हा होण्याआधीच केलेली अटक. आणि हा कागद आदेशही नाही. पेनसिल्व्हेनियात जन्माने अमेरिकी नागरिक असलेल्या एका माणसाला अशाच कागदावर तुरुंगात ठेवले गेले. त्या खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट सांगितले, की ही विनंती आहे, ती पाळायला स्थानिक तुरुंग बांधील नाही. न्यू जर्सी त्याच न्यायालयाच्या कक्षेत येते. त्याच वर्षी ओरेगनमधल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: केवळ या कागदावर माणसाला ठेवून घेणे म्हणजे नवी अटकच, आणि तिला पुरेसे कारण दाखवले नसेल तर तो बेकायदा झडती-अटकेपासून संरक्षण देणाऱ्या, अमेरिकी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग. म्हणून ‘ताबा-विनंती’ असा शब्द सुचवतो. मात्र एक ओळ जोडा. टेक्सासने २०१७ साली आणि फ्लोरिडाने २०१९ साली राज्याचे कायदे करून स्थानिक तुरुंगांना ही विनंती पाळायला लावली आहे. उलट न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यांनी २०१८ साली काढलेला निर्देश सांगतो, की ठरावीक गंभीर गुन्हे सोडले तर ती पाळू नये. कागद तोच असतो, पण राज्याची सीमा ओलांडली की त्याचे वजन बदलते.

पकडण्याचा अधिकार येतो तो २८७(जी) कराराने. इमिग्रेशन कायद्यातले हे कलम १९९६ सालचे. पहिला करार २००२ साली फ्लोरिडाने केला. आइस स्थानिक पोलिसांना शिकवते आणि आपल्या देखरेखीखाली त्यांना इमिग्रेशनचे ठरावीक अधिकार देते. काही करार तुरुंगापुरतेच असतात. रस्त्यावर गस्त घालताना अधिकार देणारा प्रकार २०१२ साली बंद झाला होता, तो २०२५ साली पुन्हा सुरू झाला. याला ‘प्रतिनियुक्ती’ म्हणू नका. आपल्याकडे प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मूळ खाते सोडून दुसऱ्या खात्यात बसतो. इथला, शेरीफच्या हाताखालचा अधिकारी मात्र शेरीफच्याच गाडीत, शेरीफच्याच पगारावर असतो. त्याच्या हातात केंद्राचा अधिकार जादा येतो एवढेच. ‘अधिकार सोपवणे’ पुरेसे आहे. हा अधिकार रस्त्यावर आला की काय होते ते ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत दिसले. शेरीफ जो आर्पायो यांचे लोक लॅटिनो चालकांना वंशावरून अडवत होते, असा निकाल केंद्रीय न्यायालयाने २०१३ साली दिला. केवळ बेकायदा वास्तव्याच्या संशयावरून लोकांना अडकवून ठेवण्यास मनाई करणारा न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल २०१७ साली ते दोषी ठरले आणि पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

शेरीफला ‘नगरपाल’ म्हणायचा मोह टाळा. मुंबईचे नगरपाल हे मानाचे पद आहे. दिलीपकुमार आणि सुनील गावस्कर त्या पदावर होते. अमेरिकेत शेरीफ बहुधा निवडून येतो आणि काउंटीचा तुरुंग सहसा त्याच्याच ताब्यात असतो. शेरीफला शेरीफच राहू द्या.

त्यावर प्रश्न

पण मराठी वाचकाला ‘पोलीस’ म्हटले की पुरत नाही का? वर्तमानपत्रे तर सर्रास ‘अमेरिकन पोलिसांनी पकडले’ लिहितात.

प्रतिसाद

पुरत नाही, आणि या पत्रकात माझा सगळ्यात जास्त आग्रह याच मुद्द्यावर आहे. आइसच्या माणसांच्या जॅकेटवर अनेकदा ठळक अक्षरांत ‘पोलीस’ लिहिलेले असते. दाराच्या फटीतून बघणाऱ्या आजींना तेवढेच दिसते.

आपल्या भाषेत हा फरक रुजला नाही याला कारण आहे. आपल्या घटनेत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आणि परदेशी नागरिकांना देशाबाहेर काढणे हा केंद्रसूचीतला. पण केंद्राने १९५८ सालीच ते अधिकार राज्यांकडे सोपवले, आणि जिल्ह्याचे पोलीस अधीक्षकच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात. ज्या ठाण्यात पाकीट मारल्याची तक्रार द्यायची, तेच ठाणे बांगलादेशी शोधायची मोहीमही काढते. अमेरिकेत उलटे आहे. १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केंद्र आपला कार्यक्रम राबवायला राज्याच्या अधिकाऱ्यांना जुंपू शकत नाही. तो खटला बंदूक विकत घेणाऱ्यांची माहिती तपासण्यावरून होता आणि दाद मागणारे शेरीफच होते. इमिग्रेशनच्या कामाला नकार देणारी शहरे आज त्याच निकालावर उभी आहेत.

हा फरक पुसला तर काय होते ते सांगतो. एच-४, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली एखादी मुलगी नवऱ्याचा मार खाते आणि ‘पोलिसांना बोलावलेस तर तुझा व्हिसा घालवीन’ या धमकीपुढे गप्प बसते. तिच्या डोक्यात ठाणे आणि इमिग्रेशन एकच असते. वास्तविक २००० सालच्या कायद्याने गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी यू व्हिसा ठेवला आहे, वर्षाला १०,००० पर्यंत. कौटुंबिक हिंसाचार त्यात बसतो आणि अर्जासाठी लागणारे प्रमाणपत्र बऱ्याचदा स्थानिक पोलीसच देतात. रांग लांबलचक आहे हे खरे. पण जो पोलीस तिचा आधार ठरू शकतो त्यालाच आपण मराठीत आइसच्या ओळीत उभे केले, तर ती फोन उचलणारच नाही. म्हणून ‘शहर पोलीस’, ‘शेरीफचे पोलीस’, ‘आइसचे अधिकारी’ असे दर वेळी वेगळे लिहा. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

‘हद्दपारी’लाही हेच लागू. महाराष्ट्र पोलीस कायद्याने पोलीस उपायुक्त एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतो. बोलीत त्यालाच आपण तडीपार म्हणतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यांत महाराष्ट्रातलेही काही होते. त्या बातम्यांत ‘हद्दपार’ हाच शब्द होता आणि बातमीत तो चालून जातो. तुमच्या पत्रकात मात्र ‘देशाबाहेर पाठवणी’ लिहा, म्हणजे हा निर्णय कुणी ठाणेदार घेतो असे वाटणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

‘अभयारण्य शहरे’ कृपया छापू नका. अभयारण्य म्हणजे दाजीपूर, राधानगरी. माणसांबद्दल तो शब्द वापरवत नाही. ‘आश्रय’ही अडचणीचा आहे, कारण ‘गुन्हेगारांना आश्रय’ ही जोडी कानात बसली आहे. मूळ कल्पना देवळात मिळणाऱ्या अभयाची. १९८२ साली ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या एका चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वातेमालाहून जीव वाचवून आलेल्यांना थारा दिला, तिथून ही चळवळ वाढली. पण लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्याआधीच, १९७९ साली, आपल्याच माणसांना लेखी बजावले होते, की केवळ इमिग्रेशनची चौकशी करायची म्हणून कुणाला हटकू नका. साक्षीदार पुढे यावेत हा हेतू होता. मी ‘अभय-शहर’ म्हणेन आणि लगेच खाली लिहीन: ‘इथेही आइसचे अधिकारी येऊन अटक करू शकतात, शहर फक्त आपले पोलीस त्या कामाला देत नाही.’

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्या सूचना घेते. शेवटचे विचारते, ‘वॉरंट’ आणि ‘व्हिसा संपला’ हे तसेच ठेवू ना?

प्रतिसाद

वॉरंट ठेवा, पण दोन जाती सांगा. आपल्याकडचे पकड वॉरंट न्यायालयातून निघते. आइसचे आय-२०० हे वॉरंट खात्याचाच अधिकारी सही करून काढतो, त्यावर न्यायाधीशाची सही नसते. ‘खात्याचे वॉरंट’ आणि ‘न्यायाधीशाचे वॉरंट’ असे लिहिले की दारात कागद दाखवल्यावर खाली कुणाची सही आहे ते बघायचे, हे वाचणाऱ्याला कळेल.

‘व्हिसा संपला’ मात्र बदला. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख ही अमेरिकेत प्रवेश मागण्यापुरती असते. किती दिवस राहता येईल ते आय-९४ या प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या नोंदीत लिहिलेले असते. दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त असलेल्या आईवडिलांची राहण्याची मुदत सहाव्या महिन्यात संपू शकते. तेव्हा ‘राहण्याची मुदत संपली’ असे लिहा, आणि आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवायला सांगा. १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असे १९५२ पासूनचा कायदाच सांगतो.