छोट्या बॅटरीवर मोठा साउंड: दुकानदाराचा धंदा का आपलाच आगाऊपणा?

वाईचा_गाडीवेडा
काल एका भावानं टाकलंय, "साउंडला मोठी बॅटरी लागते ही दुकानदारांनी उठवलेली आवई. मी डिझेल गाडीतली ६५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट मावतो तो आकडा) काढून ३५ ची बसवली, आठ महिने बेसट्यूब दणादण चालू, इंजिन चालू असलं की सगळा करंट अल्टरनेटरच, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटरच देतो." खाली लोकांनी नुसते अंगठे दिलेत म्हणून लिहायला बसलो.

अर्धं खरं आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो, भरलेली बॅटरी असते १२.६ वर, म्हणजे ॲम्पला (आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) पाजणारा अल्टरनेटरच. पण मग डिझेलला कंपनीनं मोठी बॅटरी काय हौस म्हणून दिली का? डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, थंडीत आधी ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारे) करंट खातात आणि मग सेल्फ. मीसुद्धा हाच शहाणपणा केलेला. डिसेंबरात महाबळेश्वर, वेण्णा लेकला गाडी लावून रात्री तासभर गाणी, इंजिन बंद. सकाळी सहाला चावी फिरवली तर नुसतं टकटकटक. काचेवर दव गोठलेलं, बायको शाल गुंडाळून आत, मी आणि एक मक्याच्या कणसाचा गाडीवाला मागून ढकलतोय. उतारावर दुसऱ्या गिअरला टाकली तेव्हा कुठं धरली. बायको पाचगणीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हिशोबच करा. ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा) क्लास डी, म्हणजे कमी करंट वाया घालवणारा ॲम्प फुल दाबला तर ४५ अँपिअर ओढतो. गाण्यात सरासरी त्याच्या तिसरा हिस्सा धरा, १५. आणि ३५ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू काढायचा असतो, म्हणजे पावणेदोन अँपिअरनं. १५ नं ओढली की तेवढी निघतच नाही. तासाभरात अर्ध्याच्या खाली.

पस्तीसवाला_कराड
तो भाऊ मीच. इंजिन बंद करून गाणी ऐकतो असं मी कुठं लिहिलंय दाखवा? आणि कराडात थंडी असते तरी किती दिवस. मला दुकानात काय सांगितलं माहितीये, १०० एएच घ्या, मोठा अल्टरनेटर घ्या, वर एक फॅरडचा कॅपॅसिटर (ठोक्यापुरता करंट साठवणारा डबा) घ्या. ॲम्प ३०० चा! त्या रागानं छोटी बसवली. तुमची बायको बोलली नाही त्यात माझ्या बॅटरीचा काय दोष.

पुष्पराज_चौकाचा_वायरमन
कॅपॅसिटरबद्दल शंभर टक्के बरोबर बोललास. एक फॅरड १४ वरून १२ व्होल्टला उतरला की २६ ज्यूल देतो. ५०० वॅटला ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाला पुरतं. निळा आकडा चमकतो म्हणून पोरं घेतात.

पण बॅटरीवर कशाला भांडताय, आधी वायर बघा. वरनं तांबं, आत ॲल्युमिनियम असली वायर लाल जाड कव्हरात घालून विकतात. ठोक्याला हेडलाइट लुकलुकतात त्यातल्या निम्म्या गाड्यांत बॅटरी ठणठणीत असते, अर्थिंगची वायर रंग न खरवडता पत्र्यावर आवळलेली असते. आणि फ्यूज ॲम्पजवळ नाही, बॅटरीजवळ लावायचा. डिक्कीपर्यंत वायर कुठं सोलली तर मधे थांबवणारं काय?

ट्रॉलीमागं_अडकलेला
तुमचं चालू द्या, पण खरा साउंड बघायचा तर उसाच्या हंगामात आष्टा-सांगली रोडला रात्री या. ट्रॅक्टरवर चार कर्णे, मागं दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर एक नाही. हॉर्न ऐकू कसा जाणार? माझी बाईक दोनदा थोडक्यात वाचलीय. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम फक्त गणपतीलाच असतो का?

ऊसवाला_पलूस
आला शहाणा. कारखान्याच्या वजनकाट्याला रात्र रात्र नंबर लागत नाही, ड्रायव्हर दोन दोन दिवस झोपलेला नसतो. गाणं बंद केलं तर तो स्टेअरिंगवरच डुलक्या काढंल, मग बघ तुझ्या बाईकचं. माझ्या ट्रॅक्टरला ७५ ची बॅटरी आहे आणि काट्यावर रात्रभर टेप वाजून सकाळी सेल्फ घेतो. हा झाला पुरावा.

ट्रॉलीमागं_अडकलेला
पुरावा कशाचा? झोप आली तर झोपावं, कर्णे लावून दुसऱ्याची उडवू नये. माझा चुलता असाच अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळला, पायात रॉड आहे अजून. तुम्ही बॅटरीला सात हजार घालाल, रिफ्लेक्टरच्या पट्टीला शंभर रुपये जड होतात.

ऊसवाला_पलूस
चुलत्यांचं वाईट वाटलं. पण सगळ्या ऊसवाल्यांना एका दावणीला बांधू नका. आमच्या एका ट्रॉलीला पट्टी आहे.

ट्रॉलीमागं_अडकलेला
एका! आणि दुसरीला?

मिरजेचा_कानसेन
आमच्या गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी (तारेचा झंकार) लावताना तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतात आणि अख्खी खोली भरते. वॅट शून्य. तुमच्या ५०० वॅटला डिक्कीचा पत्राच वाजतो फक्त.

वाईचा_गाडीवेडा
तंबोरा डिक्कीत मावत नाही हो काका. असो. पस्तीसवाल्या, छोटी बॅटरी हवीच असेल तर पुढं मोठी राहू दे आणि मागं २६ ची सीलबंद टाक, मधे आयसोलेटर, म्हणजे इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा स्विच. गाणी मागचीवर, सेल्फ पुढचीवर. नुसत्या वायरनं जोडलीस तर जुनी नवीला घेऊन बुडते. आणि एकदा सकाळी गाडी चालू करायच्या आधी मीटर लावून बघ, मग बोल.

पस्तीसवाला_कराड
लावला. १२.१.

पुष्पराज_चौकाचा_वायरमन
रात्रभर उभी राहून १२.१ म्हणजे निम्मी रिकामी. कराडातल्या कराडात फिरतोस, भरायला वेळच मिळत नाही तिला. लांबच्या रोडला चालली असती अजून.

पस्तीसवाला_कराड
बरं बाबांनो, तुम्ही जिंकलात, हार घालून घ्या. दुकानदार तरीही चोरच. ६५ ची एक्स्चेंजला दिली तेव्हा मला अकराशे मिळाले, आता तीच परत घ्यायला किती ते विचारू नका. आज सकाळी दोनदा सेल्फ मारावा लागला हे घरी अजून सांगितलेलं नाही. पलूसवाले अण्णा, जंपर केबल आहे का?

ऊसवाला_पलूस
आहे की. ट्रॅक्टरच घेऊन आलो असतो, पण रात्रीचं निघायचं म्हणजे आधी दुसऱ्या ट्रॉलीला पट्टी लावायला पाहिजे, नाहीतर हा रोडवर उभाच असंल.

ट्रॉलीमागं_अडकलेला
केबल द्यायला ट्रॉली कशाला लागते?