मित्राचं लग्न, हॉलमध्ये उजेड कमी: सेटिंग काय ठेवू?

प्रश्न: क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) कॅमेरा बॉडी, १८-५५ मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. पिवळ्या दिव्यांत फोटो हलतात, चेहरे नारिंगी येतात.

उत्तर १: किट लेन्स ५५ वर फार तर एफ/५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), म्हणजे एफ/१.८ च्या जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश. ५० लावा: एफ/२.२, शटर १/२०० सेकंद, ऑटो आयएसओची (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो ती सोय) कमाल ६४००. दोघं पुढेमागे उभे असतील तर एफ/४ करा, नाहीतर नवरी शार्प आणि नवरा धूसर. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, नारिंगीपणा नंतर काढता येतो. ग्रुप फोटोला मात्र किटच. ५० मध्ये माणसं मावत नाहीत.

उत्तर २: फ्लॅश असेल तर छताकडे वळवून उजेड बाउन्स करा, पण छत पांढरं असेल तरच. रंगीत छताचा रंग थेट गालांवर उतरतो. फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक फिल्म) लावा, म्हणजे चेहरा आणि मागचे दिवे एका रंगात येतील.

उत्तर ३: एलईडीखाली आडवे पट्टे दिसले तर सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/१०० ठेवून बघा. आणि नेमलेला फोटोग्राफर असेल तर त्याच्या फ्रेममध्ये घुसू नका, तेवढं पाळा बुवा!

प्रश्नकर्ता: जेल डोक्यातच नव्हतं. धन्यवाद.