वाचनालयाला पैसा लावावा की वेशीला कमान? सल्ला हवा

औसा तालुका, प्रश्न:
ग्रामसभेत विषय येणार आहे. बऱ्याच लोकांना वेशीवर कमान पाहिजे. आमचं म्हणणं, चावडीची जुनी खोली दुरुस्त करून तिथं वाचनालय चालू करा. समोरून एकच उत्तर येतं, ‘आता पुस्तकं कोण वाचतंय, सगळं मोबाईलमध्ये आलंय.’ काय सांगावं यांना?

परभणीकडचा ग्रंथपाल:
दादा, मी ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोबाईलचं सोडा. गावात दहावीच्या पोरीनं अभ्यासाला बसायचं कुठं, हे त्यांना विचारा. पोरांना पार आहे, हॉटेल आहे, देवळाचा ओटा आहे. पोरगी तिथं बसली की ‘कुणाची गं तू?’ सुरू होतं. घरात टीव्ही, धाकटी भावंडं. आमच्याकडं संध्याकाळी बाकावर जागा मिळत नाही, आणि त्यातल्या कितीतरी पोरी स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, आमच्या कपाटाला हातही लावत नाहीत. तरी मी म्हणतो वाचनालय चालतंय. पंखा आहे, उजेड आहे, ‘ऊठ’ म्हणणारं कुणी नाही.

सकाळी म्हातारी मंडळी पेपरला येतात. एक बाबा सोयाबीनचा भाव मोठ्यानं वाचतात. ऐकणाऱ्यांत दोघांना अक्षरओळख नाही, एकाला मोतीबिंदूमुळं दिसत नाही. पीकविम्याचा मेसेज आला की तेच तिघं फोन माझ्यापुढं धरतात. हे काम कोणत्या रजिस्टरात लिहू?

आपल्याकडं हे नवं नाही. परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून, वरचं शिक्षणही उर्दूतून. मराठी पेपर वाचत चार माणसांनी एकत्र बसायचं ठिकाण म्हणजे वाचनालय.

आता पैशाचं. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणं मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार होते, 2022 साली 60 टक्के वाढ होऊन 48 हजार झाले. म्हणजे महिन्याला 4 हजार, त्यातच पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि माणसाचं मानधन. पुस्तकं जमतात हो, लोक देतातही. पण रोज ठरल्या वेळेला कुलूप उघडणारा माणूस नसला तर महिन्याभरात त्या खोलीत खताची पोती पडतात. मी अशा खोल्या पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

उदगीर:
माझी बहीण बीदरला दिली आहे, इथून फार लांब नाही. कर्नाटकात 1965 च्या कायद्यानं मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर आहे. आपल्या कायद्यात असा उपकर नाही, सगळी भिस्त सरकारच्या बजेटवर. आपल्याकडंही हा उपकर पाहिजे. घरपट्टीसोबत थोडे पैसे गेले तर मी खुशीनं भरीन.

नांदेड, भरतीची तयारी करणारी:
मी खासगी अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून बसते. घरून ते पैसे मागताना जीव वर येतो. माझ्या वर्गातल्या दोघींना तेही मिळाले नाहीत, त्या गावाकडं परत गेल्या. काका, खोली करताना पोरींसाठी संडास नक्की बांधा. नाहीतर आम्ही तासाभरात उठतो.

औसा तालुका:
ताई, संडासाचं आमच्या डोक्यातच नव्हतं. ठरावात घालतो. ग्रंथपाल साहेब, वित्त आयोगाच्या पैशातून माणूस ठेवता येईल का?

परभणीकडचा ग्रंथपाल:
नाही. त्यातल्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेल्या निधीतून खोली, लाईट, बाकं करा, पगार त्यातून चालत नाही. मानधन ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून द्यावं लागेल. म्हणून दुरुस्तीचा ठराव वेगळा आणि मानधनाचा वेगळा घ्या, आणि मानधनाचा आधी मांडा. सभा लांबली की लोक उठून जातात.