एम.ए. अर्थशास्त्राला सात आठवडे उरलेत, गणित दहावीनंतर सुटलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये पुण्यात माझे एम.ए. अर्थशास्त्राचे वर्ग सुरू होतायत. हातात सात आठवडे आहेत. दिवसा पतसंस्थेत नोकरी, त्यामुळे अभ्यासाला रात्रीचे दोन तास आणि रविवार.

माझं बी.ए. अहिल्यानगर जिल्ह्यात, मराठी माध्यमातून, 2021 साली झालं. गुण चांगले होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत (एकच वस्तू घेत गेलं की पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान कमी होत जातं, तो) झोपेतून उठवून विचारलात तरी तक्ता काढून देईन, गृहीतकं, अपवाद, टीका सगळं लिहीन. पण परवा तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिची वही दाखवली. त्यात हाच धडा होता आणि तक्ता कुठेच नव्हता. इंग्रजी सहा आरशात दिसावा तसं एक चिन्ह वर, तेच खाली, मध्ये रेघ, आणि पुढे लॅम्डा हे ग्रीक अक्षर. पानभर शब्द जवळजवळ नाहीतच. अर्धा तास पान धरून बसले तेव्हा कळलं की ही आपलीच सीमांत उपयोगिता. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मला हे शिकायचंच आहे. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचा नियम आहे, तरी राज्यात कुठे ना कुठे ते थकतात, आणि थकले की लोक आमच्या काउंटरवर सोनं गहाण ठेवायला येतात. थकलेल्या एका बिलाची किंमत त्या घराला नेमकी किती पडते, हे मला आकड्यांत मांडता यायला हवंय.

तर विचारायचं एवढंच, की सात आठवड्यांत गणितातलं काय धरू आणि काय सोडू? पुस्तक कुठलं घेऊ? 'आर'सारखं आकडेवारीचं सॉफ्टवेअर आत्ताच शिकायला घ्यावं का? आणि इंग्रजी वाचता येतं, पण वर्गात भराभर बोललेले शब्द मराठीतल्या ओळखीच्या शब्दांशी जुळवायचे कसे?

प्रतिसाद 1

ताई, मीही कला शाखेतूनच या विषयात आलो, आता शिकवतो. सॉफ्टवेअर आत्ता नको. 'आर' फुकट आहे, पहिल्या सत्रात हाताखाली माहिती आली की आपोआप शिकाल. सातही आठवडे गणिताला द्या.

सिडसेटर आणि हॅमंड यांचं अर्थशास्त्रासाठीच्या गणिताचं पुस्तक घ्या, अगदी बीजगणितापासून सुरुवात आहे. सायमन आणि ब्लूम चांगलं आहे, पण आत्ता उघडलंत तर धीर खचेल. आधी फलन आणि आलेख, मग एका चलाचं विकलन (म्हणजे बदलाचा दर काढणं), लॉग, मग आंशिक विकलन (वहीतलं ते उलटं सहा: एकच चल बदलायचं, बाकीचे स्थिर धरायचे) आणि लॅग्रांज (ठरलेल्या पैशांत सगळ्यात चांगली निवड काढायची पद्धत). यातच चार आठवडे जातील, जाऊ द्या. राहिलेल्या तीनांत मॅट्रिक्स थोडं आणि संभाव्यता जास्त. समाकलनाची फक्त तोंडओळख पुरे.

आता तो लॅम्डा. तुमच्याकडे 200 रुपये आहेत. चहा 10 रुपये, वडापाव 20. उपयोगिता म्हणजे चहांची संख्या गुणिले वडापावांची संख्या, असं धरा. सगळ्यात चांगली निवड 10 चहा आणि 5 वडापाव, उपयोगिता 50. आता कुणी एक रुपया जास्त दिला. 201 रुपयांत (अर्धा चहा, पाव वडा चालतो असं समजून) तेच गणित परत करा, उत्तर येईल 50.50. म्हणजे वाढ अर्ध्याची. लॅग्रांजच्या समीकरणातून लॅम्डा काढा, तोही बरोबर 0.5 येतो. लॅम्डा म्हणजे तुमच्या शेवटच्या रुपयाची सीमांत उपयोगिता. काउंटरवर सोनं घेऊन आलेल्या माणसाचा लॅम्डा किती मोठा असेल, विचार करून बघा. तुमचा प्रश्न तिथेच आहे.

हे वाचून सोडू नका, वहीत करा.

प्रतिसाद 2

भाषेपुरतं सांगते. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही निघते. शेतीचं प्रकरण दोन्हींत समोरासमोर ठेवून रोज दोन पानं वाचा. कोशापेक्षा लवकर शब्द बसतात, कारण विषय ओळखीचा असतो. माझं असंच झालं.

आणि पुण्यात आलात की अर्थशास्त्राच्या गोखले संस्थेचं ग्रंथालय बघून या. त्याला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे आणि त्याचे पहिले अध्यक्ष झालेले ते हेच. ऊस आणि अर्थशास्त्र यांची गाठ तुमच्याच जिल्ह्यात पडलेली आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री चहा-वडापाव वहीत केलं. पहिल्यांदा 201 चा वर्ग चुकला, दुसऱ्यांदा 50.50 बरोबर आलं. लॅम्डाही 0.5 आला आणि मी आईला हाक मारून दाखवला.

दादा, एक अडलंय. उत्पन्न 400 केलं तर लॅम्डा 1 येतो, म्हणजे वाढतो. पण पैसे वाढले की शेवटच्या रुपयाची उपयोगिता घटायला हवी ना? चूक माझ्या आकडेमोडीत आहे, की गुणाकाराचं फलन घेतलं म्हणून असं होतंय? तोवर गुणाकाराचा लॉग घेऊन तेच गणित पुन्हा करून बघते.