कॅनॉपी म्हणजे छत्र, घेर की आणखी काही?

अनुवादिका: झाडं किती पाणी ओढतात हे कसं मोजतात, त्यावरचा लेख मराठीत आणतेय. खोडात दोन सुया खुपसतात, वरची तापवलेली. रस जोरात चढला की ती निवते आणि दोन सुयांच्या तापमानातला फरक घटतो. ग्रानिए या फ्रेंच संशोधकाची ही पद्धत, १९८५ची. इथवर सोपं. पुढे 'कॅनॉपीचं ट्रान्स्पिरेशन' आलं, म्हणजे झाडाच्या वरच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्यातून वाफ बाहेर पडणं. मी 'छत्राचा बाष्पोच्छ्वास' लिहिलं, तर संपादक म्हणाले, कुठल्या राजाचा?

तत्सम: 'पर्णछत्र' लिहा, वाद मिटला.

संत्रेवाला: बागेत 'पर्णछत्र विरळ करा' सांगून बघा, गडी छत्री शोधायला जाईल. आम्ही 'घेर' म्हणतो. द्राक्षवाले तर सरळ कॅनॉपीच म्हणतात.

तत्सम: म्हणजे आळसालाच रूढी म्हणायचं?

पानगळ: घेर आडवा मोजतात हो, त्यात पानांची दाटी कुठे आली? आणि मला छत्रापेक्षा उच्छ्वास खटकतो. ज्या पर्णरंध्रातून वाफ बाहेर पडते त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत जातो. मग तो श्वास की उच्छ्वास? 'बाष्पोत्सर्जन' बरं. आजी तर म्हणायची, झाडाला घाम येतो.

तत्सम: संस्कृतात बाष्प म्हणजे आसूही. घामापेक्षा ते शोभतं.

संत्रेवाला: रडवतोच की आम्ही झाडाला! मृग बहारासाठी, म्हणजे मृगाच्या पावसात फुलोरा यावा म्हणून, उन्हाळ्यात पाणी तोडतो, त्याला 'ताण देणे' म्हणतात. परवा एका पत्रकात 'जल-तणाव' वाचलं. घरातला तयार शब्द सोडून हे कशाला?

अनुवादिका: ताण घेतला, आभार. पण लेखातलं दुसरं, रानातल्या मनोऱ्यावरचं यंत्र राहिलंच. झाडांच्या माथ्यावर हवेचे भोवरे वर-खाली होतात. त्यांचा वेग आणि त्यातली वाफ, कार्बन डायऑक्साइड सेकंदाला १०-२० वेळा टिपतात, त्यावरून अख्ख्या रानाचा हिशेब निघतो. या पद्धतीचं नाव 'एडी कोव्हेरियन्स'. कोशाच्या मदतीने 'भोवरा-सहविचरण' झालं आणि मलाच हसू आलं.

तत्सम: 'आवर्त-सहविचरण'. भोवरा पोरं फिरवतात.

पानगळ: आणि नदीतला भोवरा?

संत्रेवाला: ते असू द्या. डेरेदार झाड म्हणतो ना आपण? मग कॅनॉपीला 'डेरा' का नाही?

तत्सम: डेरा म्हणजे तंबू. फौजेचा शब्द.

पानगळ: छे, डेरा म्हणजे पाण्याचा मोठा माठ! डेरेदार झाड त्या माठासारखं गोल फुगलेलं.

तत्सम: तंबूही फुगतो.

अनुवादिका: लेख उद्या द्यायचाय हो.

संत्रेवाला: आमच्या ओसरीवर होता तसला डेरा. त्यातलं पाणी काय गार लागायचं!