पायाच्या फुगलेल्या शिरा : लेझर, इंजेक्शन की कायमचे मोजे?

प्रश्न (गुहागर)

आमची घरगुती खानावळ आहे आणि माझे वय ५२ आहे. पहाटे पाचला चुलीपुढे उभी राहिले की दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत मला बसायला मिळत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पोटरीवर दिसू लागलेली निळसर शीर आता काथ्याच्या दोरीसारखी गाठीगाठींनी वर आली आहे. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्यावर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो, आणि गेल्या पावसाळ्यापासून आतल्या घोट्याच्या वर रुपयाएवढी जागा काळसर होऊन तिला खाज सुटते. एका सर्जननी लेझर सुचवले, दुसऱ्यांनी इंजेक्शनने भागेल असे सांगितले, आणि शेजारच्या काकू जळवा लावून घे म्हणतात. नुसते पोटरीवर दाब देणारे घट्ट मोजे घालून आणखी काही वर्षे काढता येतील का? शिवाय शीरच बंद केली तर पायातले रक्त वर जाणार कुठून?

उत्तर (कुडाळ)

मी सर्जन आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक रुग्णांची भीती तीच असते. पायातले सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतूनच वर जाते. कातडीखालच्या शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की वर चढलेले रक्त पुन्हा खाली घसरते, म्हणजे ती शीर कामाची उरलेली नसते आणि ती बंद केल्याने पायाचे काही अडत नाही. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री आधी करावी लागते, आणि त्यासाठी कलर डॉपलर तपासणी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) उभे करून झालेली असावी. रुग्णाला आडवे झोपवून ती उरकली, तर उलटा प्रवाह नीट कळत नाही; तो अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकला तर झडप निकामी समजतात.

काळसर डाग आणि खाज यांमुळे मी नुसत्या मोज्यांवर थांबण्याचा सल्ला देणार नाही, कारण यापुढची पायरी लवकर न भरणाऱ्या जखमेची असते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये दिलेला क्रम मलाही पटतो : आधी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते शक्य नसेल तर फोम इंजेक्शन (शीर बंद करणारे फेसाळ औषध तिच्यात सोडणे), आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी या दोन्हींत शीर आतून उष्णतेने बंद करतात. जागेवरच भूल दिली जाते आणि रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो. वेड्यावाकड्या शिरेत लेझरची तार पुढे सरकत नाही, तेथे फोम उपयोगी पडतो, पण मोठ्या शिरेवर केवळ फोम वापरला तर ती पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त असते. ग्लूने शीर चिकटवण्याची पद्धतही आहे. ती महाग आहे आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. जळवेने झडप दुरुस्त होत नाही, आणि घोट्याजवळच्या नाजूक झालेल्या कातडीला मुद्दाम जखम करून घेणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर (देवगड)

मी एस.टी.त वाहक होतो, त्यामुळे उभे राहण्याचा हिशेब मला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात उजव्या पायाचे लेझर करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी परतताना गगनबावड्याला गाडी थांबवून दहा मिनिटे चाललो, कारण फार वेळ एका जागी बसायचे नाही अशी ताकीद होती. मांडीत आतून तार ओढल्यासारखे आठ-दहा दिवस वाटत होते. लेझरने मांडीतली मुख्य शीर बंद झाली, पण पोटरीवरच्या गाठी तशाच राहिल्या आणि त्यांच्यासाठी पुढे दोनदा इंजेक्शने घ्यावी लागली. तो खर्च त्या रुग्णालयाने आधी सांगितलेल्या रकमेत धरलेला नव्हता, म्हणून पोटरीच्या फांद्यांचे काय करणार, हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा.

उत्तर (रत्नागिरी)

मी परिचारिका आहे आणि फक्त मोज्यांविषयी लिहिते. घोट्याचे आणि पोटरीचे माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे आणि मोजे अंथरुणातून उठण्याआधीच चढवावेत. आपल्याकडच्या दमट हवेत बोटे उघडी राहणारे मोजे बरे पडतात, नाहीतर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दोन जोड ठेवावेत आणि सावलीत वाळवावेत. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी भरून येत असेल, तर पायाच्या रोहिण्यांतला रक्तप्रवाह तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालू नयेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. माझी मागची तपासणी झोपवूनच केली होती, ती आता पुन्हा करून घेईन. आषाढात पाहुणे कमी असतात, तोवर थांबले तर चालेल का?

उत्तर (कुडाळ)

तपासणी आत्ताच करा. पुढचे उपचार आषाढात केले तरी चालतील, पण डागाच्या जागी कातडी फुटली तर थांबू नका. दरम्यान गाठ फुटून रक्त आले, तर ताबडतोब आडवे पडून पाय उंच करावा आणि स्वच्छ फडके त्या जागेवर दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. वर दोरी आवळून बांधू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.