घरी पेटी-तबला रेकॉर्ड करायचाय, कॉम्प्युटर कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाबा पेटी वाजवतात, मी गातो, तबल्याला शेजारचा मुलगा. अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत. स्कार्लेट टू-आय-टू इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि एक कंडेन्सर माइक आहे, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

घोडं अडलंय लॅपटॉपपाशी. ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) १२८ सॅम्पलवर आणला की आवाज तडतडतो. ५१२ वर नेला की हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतो आणि सम हुकते. डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनमध्ये) लावला तर उशीर जातो, पण रिव्हर्बही (सॉफ्टवेअरमधला घुमारा) जातो, आणि कोरड्या आवाजात मला गाताच येत नाही. शिवाय पंखा असा घुमतो की वेगळा तानपुरा लावायला नको!

बजेट ६० हजार. मॅक मिनी एम४ (१६ जीबी) घेऊ, की तेवढ्यातच असेंबल्ड पीसी? मिनीत जागा २५६ जीबीच. बाहेरच्या एसएसडीवर थेट रेकॉर्डिंग नीट होतं का?

आणखी एक. तबला-डग्ग्याला दोन माइक, पेटीला एक, मला एक. इंटरफेसला माइकचे इनपुट दोनच. तबला आधी वेगळा घ्यावा म्हटलं, तर बाबा म्हणतात, "एकत्र बसल्याशिवाय रंगत नाही." मग चार इनपुटचा घ्यावाच लागेल ना?

जुन्याच लॅपटॉपला एसएसडी टाकून कुणाचं भागलं असेल तर तेही सांगा.